जमिनीखालचे कोणाचे? (प्रस्तावना)

1997 सालच्या मार्च महिन्यात नायजेरियातल्या वारी शहराभोवतीच्या खाड्यांमध्ये एका सरकारी कचेरीच्या जागेवरून माणसे मरू लागली. वारी साउथ-वेस्ट नावाची नवी स्थानिक परिषद स्थापन होत होती. तिचे मुख्यालय आधी इजॉ लोकांच्या ओग्बे-इजो या गावी होणार असे ठरले होते, मग ते इत्सेकिरी लोकांच्या ओगिडिगबेनला हलवण्यात आले. हे दोन्ही समाज पिढ्यानपिढ्या शेजारी राहत आले होते, त्यांच्यात सोयरीकही होती. त्या वर्षी त्यांनी एकमेकांची गावे जाळली, तेल कंपनीची उपसा केंद्रे ताब्यात घेतली, कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. शेकडो लोक मेले. बाहेरच्या जगात बातमी पोचली ती जमातींच्या जुन्या वैराची.

आता त्या कचेरीत असते काय ते पाहू. केंद्राकडून झिरपत येणारा तेलाच्या महसुलाचा वाटा तिथे येतो. कंपनीची कामे मिळवायची तर तिथल्या लोकांशी संधान लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नायजेरियात माणूस कोणत्या भागाचा 'मूळ रहिवासी' आहे, याचा दाखला स्थानिक परिषद देते. नोकरी, शिष्यवृत्ती, राजकारणातली उमेदवारी, सगळे त्या कागदावर अडते. कचेरी ज्यांच्या गावात, दाखला त्यांच्या हातात. भूमिपुत्र कोण आणि उपरा कोण हे ज्याच्या सहीने ठरते, त्या टेबलासाठी ती गावे जळली.

या पुस्तकाचा विषय त्या टेबलापाशी सुरू होतो. तेल, तांबे, हिरे, सोने, जेड, कोल्टन, चराऊ कुरणे अशा साधनसंपत्तीवरून ठिसूळ राज्यसंस्थांमध्ये वांशिक रक्तपात का होतो, आणि तशीच संपत्ती असूनही काही ठिकाणी तो का होत नाही, हा येथील प्रश्न. त्यावर माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. खनिजावरून माणसे भांडतात हे खरे, पण भांडणाच्या रेघा खनिज आखत नाही. त्या आखते मालकीचा नियम: जमिनीखालचे कोणाचे, त्यावर पहिला हक्क कोणाचा, स्थानिक म्हणून मोजायचे कोणाला. हा नियम उत्खननाआधी सर्वांना विचारून ठरला की खाण सुरू झाल्यावर राजधानीतून लादला गेला, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. आणि ज्याला आपण 'वंश' म्हणतो, तो पुष्कळदा या नियमाभोवती घट्ट होत जातो. या पुस्तकातले सगळे लेखक याच्याशी पूर्ण सहमत नाहीत. ते बरेच झाले.

या अभ्यासक्षेत्राचे वय फार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नवस्वतंत्र देशांना सल्ला देणारे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ खनिजांकडे भांडवल म्हणून पाहत. सापडले, विकले, त्यातून कारखाने उभे केले, असा सरळ हिशोब. शंका घेणारे मागाहून आले. 1970 मध्ये हुसेन महदवी यांनी इराणचे उदाहरण घेऊन दाखवले की तेलाच्या खंडावर जगणाऱ्या सरकारला प्रजेकडून कर गोळा करण्याची गरज उरत नाही, आणि मग प्रजेला उत्तर देण्याचीही उरत नाही. 1977 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'ने हॉलंडच्या वायुसाठ्यांवरून 'डच रोग' हा शब्द रूढ केला: खनिजाच्या निर्यातीने चलन महाग होते आणि बाकीचे उद्योग मार खातात. 1993 मध्ये रिचर्ड ऑटी यांनी 'साधनसंपत्तीचा शाप' ही कल्पना पुस्तकाच्या शीर्षकात नेली. पुढे सॅक्स आणि वॉर्नर यांनी तिला आकडेवारीचा आधार दिला आणि टेरी लिन कार्ल यांनी व्हेनेझुएलाच्या अभ्यासातून राजकारणाची जोड दिली. ही सगळी चर्चा समृद्धीची होती. युद्धाचा विषय तीत अजून यायचा होता.

तो आणला पॉल कॉलियर आणि अँके हॉफलर यांनी. शीतयुद्ध संपले तरी अंगोला, लायबेरिया, सिएरा लिओन, कांगो पेटलेलेच होते. दोन महासत्तांचे पैसे आटले, मग बंदुका येतात कुठून? 1998 पासूनच्या निबंधांत या जोडीने मांडले की बंड होण्यासाठी गाऱ्हाणे पुरत नाही, गाऱ्हाणी सगळीकडेच असतात. बंड परवडावे लागते. ज्या देशाची निर्यात कच्च्या मालावर अवलंबून, तिथे ते परवडते. त्यांची संख्याशास्त्रीय प्रारूपे विषमतेला आणि वांशिक द्वेषाला फारसे वजन देत नव्हती. 'लालूच की गाऱ्हाणे' हा वाद तिथून सुरू झाला. कॉलियर त्या सुमारास जागतिक बँकेत होते, आणि बँकेच्या वर्तुळात ही मांडणी लोकप्रिय झाली यात नवल नाही. बंडखोर म्हणजे धंदेवाईक दरोडेखोर असे एकदा ठरले की सरकारचे वागणे तपासायचे काम टळते. 2003 मध्ये जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन आणखी एक पायरी चढले. देशात किती वंश आहेत याचा यादवीशी थेट संबंध दिसत नाही. गरिबी, दुबळे शासन, डोंगराळ मुलूख आणि तेलावर पोसलेले पोकळ प्रशासन यांचा दिसतो, असे त्यांनी म्हटले. पुष्कळ वर्षे हा निष्कर्ष अंतिम मानला गेला.

पण इथेच घोडे पेंड खाते. देशाची एकूण निर्यात आणि देशातील एकूण वंश मोजून, कोणता समाज कोणत्या खाणीशेजारी राहतो आणि राजधानीत त्याचे कोण आहे, हे कळत नाही. सरासरीत नायजेरियाच्या तेलमुलखातले ओगोनीलँड दिसत नाही.

मग संशोधकांनी दोन वाटांनी खाली उतरायला सुरुवात केली. एक वाट साधनसंपत्तीच्या प्रकाराकडे गेली. फिलिप ल बिलाँ आणि मायकेल रॉस यांनी विचारले: वस्तू घमेल्याने काढता येते की तिला हजारो कोटींची यंत्रे लागतात? ती राजधानीजवळ आहे की सरहद्दीवर? नदीकाठच्या गाळातले हिरे कोणीही पोरगा चाळणीने काढू शकतो, म्हणून ते बंडखोरांना पोसतात आणि युद्धे लांबवतात. खोल विहिरीतले तेल कंपनी आणि सरकार यांच्याच हाती राहते, म्हणून तेलाच्या मुलखात बंड होते ते वेगळे होण्यासाठी. हे वर्गीकरण उपयोगी आहे, पण त्याने धोरणकर्त्यांना एक सोयीची पळवाटही दिली. 2003 पासून लागू झालेली किंबर्ली प्रमाणपत्र व्यवस्था 'संघर्षाचा हिरा' कशाला म्हणते? बंडखोरांनी कायदेशीर सरकारविरुद्धच्या लढ्यासाठी वापरलेल्या कच्च्या हिऱ्याला. 2008 मध्ये झिम्बाब्वेच्या सैन्यानेच मारांगेच्या शेतांत खाणकऱ्यांवर गोळ्या चालवल्या. मानवी हक्क संघटनांनी दोनशेच्या वर मृत्यू नोंदवले. त्या व्याख्येप्रमाणे तिथला हिरा स्वच्छच. मराठी वाचकाला ही गोष्ट लांबची वाटू नये. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊंना पैलू सुरतेत पडतात आणि त्या व्यापाराची मोठी पेढी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

दुसरी वाट समूहांकडे गेली. फ्रान्सिस स्ट्यूअर्ट यांनी 'आडव्या विषमते'ची मांडणी केली. श्रीमंत आणि गरीब या व्यक्तींमधील दरीपेक्षा समाजासमाजांमधील दरी अधिक स्फोटक असते, आणि आर्थिक वंचनेला सत्तेतून वगळण्याची जोड मिळाली की धोका वाढतो, असे त्या म्हणतात. झुरिचच्या लार्स-एरिक सेडरमान यांच्या गटाने जगभरच्या वांशिक समूहांचा सत्तेतील वाटा नोंदवणारी माहिती उभी केली आणि तिला नकाशांची जोड दिली. फिलिप हुनझिकर आणि सेडरमान यांच्या 2017 च्या निबंधाचा मथितार्थ असा: एखाद्या समाजाच्या भूमीतून तेल निघते आणि तो समाज सत्तेच्या बाहेर आहे, अशा ठिकाणी फुटीरतेचा धोका सर्वाधिक. त्याच वर्षी आफ्रिकेतील खाणींचा आणि हिंसाचाराचा बारकाईने मेळ घालणाऱ्या चार अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की खनिजांचे भाव चढले की खाणींच्या परिसरात हिंसा वाढते. 1997 ते 2010 या काळातल्या भाववाढीने खंडातील सरासरी हिंसाचाराचा एक चतुर्थांशापर्यंत भाग उलगडू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. आणि सत्तेबाहेरच्या समाजांच्या ज्या गाऱ्हाण्यांना आकडेशास्त्राने पूर्वी दारातून हाकलले, तीच आता खिडकीतून आत आली आहेत.

टंचाईवाल्यांचा पंथ वेगळाच. थॉमस होमर-डिक्सन यांनी 1990 च्या दशकात म्हटले की पाणी, जमीन, जंगल घटत जाईल तसे लोक लढतील. पश्चिम सुदानातले दार्फूर हे या पंथाचे लाडके उदाहरण. 2007 मध्ये खुद्द संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून त्या संघर्षाचे मूळ पर्यावरणीय संकटात शोधले. पाऊस घटला, हे खरेच होते. पण दार्फूरमध्ये जमातींना त्यांच्या नावाची भूमी देणारी 'हाकुरा' नावाची सुलतानांच्या काळची व्यवस्था होती, आणि उत्तरेतल्या काही उंटपाळ अरब जमातींच्या वाट्याला अशी भूमी आलीच नव्हती. खार्टूममधल्या सुदान सरकारने त्यांना बंदुका दिल्या, जमिनीची आशा दिली, आणि जुने वाद मिटवणारे स्थानिक प्रशासन मोडून टाकले. पाऊस यातले काहीच करू शकत नाही. पुढे 2013 च्या जानेवारीत जेबेल आमिरच्या सोन्याच्या खाणींवरून रक्त सांडले ते उत्तरेकडचे रिझेगात आणि बेनी हुसेन यांच्यात. दोघेही अरब. त्याच्या दहा वर्षे आधी जगाने जी 'अरब विरुद्ध आफ्रिकी' रेघ पक्की मानली होती, ती सोन्याच्या खाणीशी पुसली गेली आणि दुसरीकडे आखली गेली. नॅन्सी पेलुसो आणि मायकेल वॉट्स यांनी टंचाईच्या सिद्धांतावर 2001 मध्येच या अंगाने टीका केली होती. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशावरचे वॉट्स यांचे लेखन या पुस्तकातल्या दोन-तीन लेखांच्या मागे उभे आहे.

मानववंशशास्त्रज्ञ मात्र हे फार आधीपासून सांगत होते, फक्त अर्थशास्त्रज्ञ त्यांना वाचत नव्हते. फ्रेडरिक बार्थ यांनी 1969 मध्ये म्हटले की वंशाचा अभ्यास करायचा तर त्याच्या आतल्या संस्कृतीपेक्षा त्याची हद्द पाहा. त्याआधी 1954 मध्ये एडमंड लीच यांनी उत्तर ब्रह्मदेशातील कचिन डोंगरांचे वर्णन करताना दाखवले होते की तिथला माणूस कचिनचा शान होऊ शकतो: खोऱ्यात उतरून, भातशेती धरून, बौद्ध होऊन. त्याच डोंगरांत आज कचिन असणे ही रक्ताची गोष्ट झाली आहे, आणि हा बदल कसा झाला हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते, तेही मुंबईमार्गे.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही 1863 मध्ये मुंबईत स्थापन झालेली कंपनी. वरच्या ब्रह्मदेशातील सागवान तोडण्याचा मक्ता तिच्याकडे होता. पैसे भरले त्याहून अधिक ओंडके नेले, असा आरोप ठेवून राजा थिबॉच्या मंत्रिमंडळाने 1885 मध्ये तिला सुमारे तेवीस लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना तिथे फ्रेंचांची भीती होतीच. दंड हे निमित्त झाले. त्याच नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले. थिबॉ हद्दपार होऊन आपल्या रत्नागिरीला आला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. त्याचा राजवाडा पाहायला आजही सहली जातात. तो तिथे कशामुळे आला, तर सागवानामुळे, हे मार्गदर्शक क्वचितच सांगतात. जिंकलेल्या मुलखात इंग्रजांनी सपाट प्रदेश आणि सरहद्दीचे डोंगर यांचा कारभार वेगळा ठेवला. हद्द ठरली, जमाती नोंदल्या गेल्या, जेडच्या खाणींवरील कचिन सरदारांचा परंपरागत हक्क बराचसा मान्य राहिला. 1947 च्या पांगलाँग करारात डोंगरी समाजांना दिलेली वचने स्वातंत्र्यानंतर हवेत विरली. 1960 च्या दशकाच्या आरंभी कचिन स्वातंत्र्य संघटना उभी राहिली आणि तिने फाकांतच्या खाणींतल्या जेडवर आपले सैन्य पोसले. 1994 मध्ये शस्त्रसंधी झाली, खाणी लष्कराच्या आणि त्याच्या मर्जीतल्या कंपन्यांच्या हाती गेल्या, डोंगरच्या डोंगर यंत्रांनी खरवडले गेले. म्हणजे शांततेच्या सतरा वर्षांत कचिनांनी युद्धकाळापेक्षा जास्त गमावले. 2011 मध्ये युद्ध पुन्हा पेटले. जुलै 2020 मध्ये फाकांतला खाणीचा ढिगारा कोसळून 170 हून अधिक माणसे गाडली गेली. त्यांत ब्रह्मदेशाच्या इतर भागांतून आलेले पोटार्थी मजूरही होते, जे कचिनांनाही नकोत आणि ज्यांना लष्करही विचारत नाही.

आणि आता दुर्मीळ मृदा. विजेवरच्या मोटारींच्या आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांना लागणारे डिस्प्रोशियम, टर्बियम कचिनच्या चीनलगतच्या डोंगरांतून निघते. डोंगराला भोके पाडून त्यात रसायन सोडायचे आणि खाली येणारा द्राव कुंडांत साठवायचा, अशी पद्धत. नद्या-नाले नासतात. ऑक्टोबर 2024 मध्ये कचिन सैन्याने या खाणींचे केंद्र असलेले पांगवा जिंकले, आणि आता कर गोळा करणारे तेच आहेत. गावकरी तक्रार घेऊन जातात ते मुक्तिसेनेकडे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण बंडखोरांनाही लागू पडते.

मालकीच्या नियमाची सर्वांत स्पष्ट कहाणी पॅसिफिक महासागरातल्या बूगनव्हिल बेटाची आहे. आपल्याकडच्या बोगनवेलीला ज्या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव मिळाले, त्याचेच या बेटालाही. तिथे पांगुनाच्या डोंगरात तांबे सापडले तेव्हा पापुआ न्यू गिनीवर ऑस्ट्रेलियाचे राज्य होते. ऑस्ट्रेलियन कायद्याप्रमाणे जमीन तुमची, खालचे खनिज राजसत्तेचे. ज्यांच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते, त्या नासिओई लोकांना हे गणित कळणे शक्यच नव्हते. 1969 मध्ये बंदरासाठी जमीन घेताना रोरोवाना गावच्या बायका मोजणीच्या खुंट्यांपाशी उभ्या राहिल्या. पोलिसांनी अश्रुधूर आणि लाठ्या वापरल्या. 1972 पासून खाण सुरू झाली. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशाचा सरकारी खर्च आणि निर्यात तिच्यावर उभी राहिली. रॉयल्टी होती उत्पादनमूल्याच्या सव्वा टक्का. त्या सव्वा टक्क्यातले पंचाण्णव टक्के प्रांताच्या सरकारला आणि पाच टक्के जमीनमालकांना. जाबा नदी खाणीच्या गाळाने मेली.

पण पुढे जे झाले ते 'स्थानिक विरुद्ध कंपनी' इतके सरळ नव्हते. वाद आधी पेटला जमीनमालकांच्याच घरांत: भरपाईचे पैसे सांभाळणारी जुनी पिढी आणि हाती काही न लागलेली तरुण पिढी यांच्यात. फ्रान्सिस ओना हा खाणीतच काम केलेला तरुण त्या दुसऱ्या पिढीचा. नोव्हेंबर 1988 मध्ये त्याच्या लोकांनी खाणीची स्फोटके पळवली आणि विजेचे मनोरे पाडले. मे 1989 मध्ये खाण बंद झाली. सरकारने पोलीस आणि मग सैन्य पाठवले, त्यांनी गावे जाळली, आणि वीसहून अधिक भाषा बोलणारे बेट 'आपण बूगनव्हिलचे' या एका नावाखाली गोळा झाले. पूर्ण झाले असे नाही. बेटावरच्या लोकांनी आपसांतही हिशोब चुकते केले. नाकेबंदी, औषधाविना मृत्यू आणि लढाई मिळून बळींचे अंदाज दहा ते वीस हजार आहेत, आणि बेटाची वस्ती तेव्हा दोन लाखांच्या आत होती. 1998 मध्ये शस्त्रसंधी आणि 2001 मध्ये करार झाला. 2019 च्या सार्वमतात जवळजवळ 98 टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितले. दरम्यान 2015 मध्ये बेटाच्या विधिमंडळाने स्वतःचा खाणकायदा केला. त्याप्रमाणे जमिनीखालचे खनिज परंपरागत जमीनमालकांचे. 1969 मध्ये बायका जे मागत होत्या ते कायद्यात यायला सेहेचाळीस वर्षे आणि एक युद्ध लागले. आता बेटाच्या सरकारला स्वातंत्र्यासाठी पैसा हवा, आणि पैसा पांगुनातच आहे. तेव्हा या कायद्याची खरी परीक्षा पुढेच आहे.

सुदानची गोष्ट लांबलचक आहे; पुस्तकात तिला दोन लेख दिले आहेत. येथे एवढेच की 1978 मध्ये दक्षिणेतल्या बेंतिऊजवळ तेल सापडल्यावर राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी पहिली हालचाल केली ती तेलाचा मुलूख दक्षिणेच्या हद्दीतून काढण्याची. 1983 मध्ये युद्ध पेटायला कारणे आणखीही होती, पण ही हालचाल कोणी विसरले नाही. तेलक्षेत्रांतून नूएर आणि दिन्का लोकांना हुसकावून लावले गेले, तेव्हा तिथे चिनी, मलेशियन आणि कॅनेडियन कंपन्यांची भागीदारी होती. टीकेने हैराण होऊन टॅलिस्मन या कॅनेडियन कंपनीने आपला पंचवीस टक्के हिस्सा विकला. 2003 मध्ये तो घेतला आपल्या ओएनजीसी विदेशने. आपल्याकडे त्या वेळी ऊर्जासुरक्षेच्या अंगाने कौतुकच झाले.

उलट उदाहरणे थोडी आहेत, म्हणून मोलाची. बोट्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला. दुसऱ्याच वर्षी सेरेत्से खामा यांच्या सरकारने कायदा करून खनिजांवरील हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आणले, आणि ओरापाची मोठी हिऱ्यांची खाण सापडली ती खामा यांच्याच बामांग्वाटो जमातीच्या मुलखात. स्वतःच्या लोकांच्या हातचा घास काढून देशाला देणारा सरदार त्या खंडात दुसरा सहजी सापडत नाही. नियम आधी लिहिला गेला, आणि ज्याचे नुकसान होणार होते त्यानेच लिहिला, हे बोट्स्वानाच्या शांततेचे एक मोठे कारण मी मानतो. मात्र हेच सरकार पुढे सान लोकांना मध्य कलाहारीच्या अभयारण्यातून बाहेर काढते, आणि 2006 मध्ये न्यायालय ते बेकायदा ठरवते, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना सरदार नव्हता त्यांना वाटाघाटीत कोणी विचारलेच नाही. इंडोनेशियातील आचेमध्ये 2005 च्या हेलसिंकी करारात तेल-वायूचा सत्तर टक्के महसूल प्रांताला मिळाला आणि तीस वर्षांचे युद्ध थांबले. त्सुनामीने दोन्ही बाजू हतबल झाल्या होत्या, आणि वायूही संपत आला होता. करारासाठी हे दोन्ही सोयीचे पडले.

हे सगळे आज का वाचायचे? कारण जगाने कोळशापासून दूर जायचे ठरवले आहे आणि त्याची वाट ठिसूळ देशांतून जाते. जगातला बहुतांश कोबाल्ट कांगोतून येतो. भ्रमणध्वनीतल्या टँटलमचा मोठा भाग पूर्व कांगोतल्या रुबाया भागातून येतो, आणि रुबाया 2024 पासून एम-23 या बंडखोरांच्या ताब्यात आहे. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी गोमा शहरही घेतले. एम-23 च्या मुळाशी जाल तर पुन्हा एक कायदा सापडतो. 1981 मध्ये कांगोचा तेव्हाचा हुकूमशहा मोबुटू याच्या राजवटीने नागरिकत्वासाठी पूर्वज 1885 पासून त्या भूमीत असल्याची अट घातली आणि रवांडी भाषा बोलणारे लाखो लोक एका फटक्यात उपरे ठरले. कोल्टनच्या बाजारभावाने पुढे त्या जखमेवर पैसा ओतला. रवांडाचा हातही या संघर्षात आहे. पण 2010 मध्ये अमेरिकेने 'संघर्षाच्या खनिजां'विरुद्ध कायदा केला तेव्हा त्यात नागरिकत्वाचा उल्लेख नव्हता. खाणीतून मजुरी करणाऱ्यांची चूल मात्र काही महिने विझली.

दूरच्या ग्राहकाने स्वच्छ माल मागितला की दूरच्या देशात न्याय होईल, ही समजूत या पुस्तकाला मान्य नाही. तपासणी हवीच. पण ती वस्तूची होते, आणि भांडण नियमाचे असते.

आम्ही काय करायचा प्रयत्न केला आहे, हे थोडक्यात. प्रत्येक लेखकाला तीनच गोष्टी शोधायला सांगितल्या: मालकीचा नियम कोणी आणि केव्हा लिहिला, त्या आधी लोक स्वतःला काय म्हणत होते, आणि नंतर काय म्हणू लागले. सिद्धांतांची ओळख लागेल तिथे येते, वेगळा विभाग केलेला नाही. सिएरा लिओनचा समावेश मुद्दाम केला आहे. तिथे हिरे होते, भीषण युद्ध होते, आणि तरी ते वांशिक युद्ध झाले नाही. प्रत्येक खाणीला वंशयुद्धाचे लेबल लावणाऱ्यांनी तो लेख आधी वाचावा. पश्चिम आशियातील तेलराज्ये वगळली आहेत, कारण त्यांच्यावर पुरेसे लिहिले जाते आणि ती या अर्थाने ठिसूळ नाहीत.

भारतही वगळला आहे. झारखंड, बस्तर किंवा सुरजागडच्या लोहखनिजाचा डोंगर वाचकाच्या मनात येणार हे उघड आहे, आणि यावाच. पण पेसा कायदा, वनहक्क कायदा, ग्रामसभा, न्यायालये अशी वाट जिथे अपुरी का होईना पण आहे, त्या देशाला कांगोच्या रांगेत बसवणे अभ्यास म्हणून चुकीचे ठरले असते. तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे आणि तो कोणी तरी लवकर हाती घ्यावा.

नावांबद्दल: स्थळे आणि जमाती यांची नावे शक्य तेथे त्या लोकांच्या उच्चाराजवळ ठेवली आहेत. 'टोळी' हा शब्द आम्ही कुठेही वापरलेला नाही. वर्तमानपत्रांनीही तो सोडावा, अशी विनंती आहे.

लेख कोणत्याही क्रमाने वाचता येतील. नकाशा मात्र शेजारी असू द्यावा, आणि तो कोणत्या सालचा आहे हे आधी पाहावे. 2011 पूर्वीच्या नकाशात दक्षिण सुदान हा देशच सापडणार नाही. नंतरच्या नकाशात त्याची राज्ये मोजली तर दहा भरतील, 2015 च्या आदेशानंतर अठ्ठावीस, 2017 मध्ये बत्तीस, आणि 2020 पासून पुन्हा दहा.